धुळीचं वेळापत्रक

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेचे शेजारी तालुके. एकीकडे शिवनेरी, नाणेघाट, लेण्याद्री. दुसरीकडे भीमाशंकर आणि डिंभ्याचं पाणी. नारायणगावचा टोमॅटो आणि तमाशा, मंचरचा बाजार, ऊस आणि उसात राहणारे बिबटे, एवढ्यावर या भागाची ओळख सहसा संपते. जगातल्या खगोलशास्त्रज्ञांना मात्र इथली दुसरीच दोन गावं माहीत असतात : जुन्नर तालुक्यातलं खोडद आणि आंबेगाव तालुक्यातलं गिरवली.

खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, त्यातल्या १४ मध्यभागी एकमेकींजवळ आणि उरलेल्या १६ तीन दिशांना फाकलेल्या तीन ओळींत, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. गोविंद स्वरूप यांनी ती कल्पिली आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने उभी केली. गिरवलीच्या डोंगरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० मीटर उंचीवर, आयुकाची दोन मीटर व्यासाच्या आरशाची प्रकाशीय दुर्बीण २००६ पासून आहे. याच जुन्नर तालुक्यात आर्वीला १९७१ साली विक्रम उपग्रह भूकेंद्र सुरू झालं होतं. म्हणजे गेली पन्नासहून अधिक वर्षं हा मुलूख आकाशाकडे कान लावून आणि डोळे लावून बसला आहे.

पण हे कान आणि डोळे संस्थांचे आहेत. गावांनी जागा दिली आणि त्यासोबत येणारी बंधनंही सोसली. जीएमआरटीला रेडिओ लहरींची शांतता लागते, म्हणून आसपास उद्योगांवर मर्यादा आल्या. पुणे–नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा मार्ग दुर्बिणीच्या कारणाने बदलण्याचा विषय निघाला, तेव्हा दोन्ही तालुक्यांत नाराजी उमटली. दुर्बिणीची शांतता जपलीच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र ज्यांनी ही किंमत मोजली, त्यांच्या मुलांच्या वाट्याला वर्षातून एकदा डिश पाहायला जाण्यापलीकडे काय आलं, हा प्रश्न रास्त आहे. या लेखात मी त्याचं एक उत्तर मांडणार आहे. त्यासाठी आधी सुमारे पाच हजार प्रकाशवर्षं दूर असलेल्या दोन ताऱ्यांकडे जायला हवं.

*

हंस तारकासमूहात डब्ल्यूआर १४० नावाची जोडी आहे. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही, पण साध्या द्विनेत्रीतून ठिपका म्हणून सापडते. डेनेब हा हंसाच्या शेपटीचा तारा आणि सद्र हा छातीचा. सद्रच्या उत्तरेला साडेतीन-चार अंशांवर ही जोडी आहे. आपल्याला एकच बिंदू दिसतो, आत मात्र दोन तारे आहेत. एक ‘ओ’ वर्गाचा, अतितप्त, निळा, सूर्याच्या सुमारे २९ पट वस्तुमानाचा. दुसरा वुल्फ-रायेट प्रकारचा, सूर्याच्या सुमारे १० पट. हा दुसरा जन्माला आला तेव्हा कितीतरी जड होता. स्वतःच्या अंगातून सुटणाऱ्या वाऱ्याने त्याने हायड्रोजनचं बाहेरचं आवरण उधळून टाकलं आणि पोटात शिजलेला कार्बन उघड्यावर आला. तो वारा आजही वाहतो आहे. त्याचा वेग सेकंदाला २,८०० किलोमीटरांहून जास्त आहे. समोरचा ‘ओ’ ताराही तसाच जोरदार वारा सोडतो. दोन्ही वारे मधल्या जागेत समोरासमोर आदळतात.

या जोडीची कक्षा फार लांबट आहे. एक फेरी २,८९५ दिवसांची, म्हणजे आठ वर्षांना जेमतेम महिना कमी. सर्वांत दूर असताना दोघांमधलं अंतर पृथ्वी–सूर्य अंतराच्या सुमारे २६ पट असतं. सर्वांत जवळ येतात तेव्हा ते दीडपटीहूनही कमी उरतं. फेरीतली बहुतेक वर्षं हे तारे दूर दूर, संथपणे फिरत असतात. मग काही आठवड्यांत एकमेकांकडे झेपावतात, वळसा घालतात आणि पुन्हा लांब जातात. त्या वळशाच्या सुमारास धूळ तयार होते.

धूळ हा शब्द इथे हलका वाटेल. ही कार्बनची धूळ आहे, काजळीच्या जातीची, अतिसूक्ष्म कणांची. नवल असं, की तिथे धूळ होण्याचं वरकरणी काहीच कारण नाही. दोन्ही ताऱ्यांचे पृष्ठभाग हजारो नव्हे, दहा-दहा हजारांच्या पटींत मोजावे लागतील इतक्या अंशांनी तापलेले. अतिनील प्रकाशाचा सतत मारा. वारे आदळतात तिथला वायू तर कोट्यवधी अंशांपर्यंत तापून क्ष-किरण सोडतो. अशा ठिकाणी कार्बनचे अणू एकत्र येऊन घन कण बनावेत कसे?

उत्तर टक्करीतच आहे. तारे जवळ आले की वारे अधिक दाट असताना आदळतात. आदळलेला वायू दाबला जातो, दाटतो, आणि दाट वायू आपली उष्णता झपाट्याने बाहेर टाकतो. तो ‘ओ’ ताऱ्याला वेढणाऱ्या पोकळ शंकूच्या आकारात मागे वाहत जातो आणि वाहता वाहता थंड होतो. कार्बन वुल्फ-रायेट ताऱ्याकडून आलेला असतोच. पुरेसा दाटपणा आणि पुरेसा थंडावा दोन्ही जुळून आले की कण बनतात. तारे दूर गेले, वारे विरळ झाले, की कारखाना बंद. अवरक्त किरणांत ही जोडी दर आठ वर्षांनी एकाएकी उजळते, हे १९७० आणि १९८० च्या दशकांतल्या नोंदींतून पुढे आलं. पेरेडर विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली या घटनेचा पूर्ण हिशेब मांडला. तेव्हापासून धूळ करणाऱ्या जोडताऱ्यांचा हा नमुना मानला जातो.

२०२२ साली जेम्स वेब दुर्बिणीने या जोडीचं अवरक्त चित्र घेतलं आणि ते पाहून तज्ज्ञही थक्क झाले. ताऱ्यांभोवती एकात एक अशी धुळीची किमान सतरा कवचं दिसत होती. आळेफाट्याच्या बाजारातला कांदा आडवा चिरला तर जशी वलयं दिसतील तशी, फक्त एका बाजूला अधिक ठळक आणि दुसऱ्या बाजूला फिकी. प्रत्येक कवच म्हणजे एक भेट. चौदा महिन्यांच्या अंतराने घेतलेली दोन चित्रं शेजारी ठेवली तर कवचं पुढे सरकलेली दिसतात, सेकंदाला २,६०० किलोमीटरांच्या वेगाने. ही बातमी जानेवारी २०२५ मधली. धूळ त्या नरकातून सुखरूप बाहेर पडते आणि शेकडो वर्षं टिकून दूर जाते, हे त्यामुळे डोळ्यांनी दिसलं. ग्रह बनायला, पुढे सजीव घडायला लागणारा कार्बन आकाशगंगेत कुठून आला, या मोठ्या प्रश्नाच्या उत्तराचा एक तुकडा इथे आहे.

सतरा कवचं गुणिले सुमारे आठ वर्षं, म्हणजे एकशेपस्तीस वर्षांच्या आसपास. आपल्याला दिसणाऱ्या काळाच्या हिशेबाने त्यातलं सर्वांत बाहेरचं कवच १८८८ च्या सुमाराचं.

१८८८ हे साल पुण्याच्या इतिहासात नोंदवलेलं आहे.

*

त्या वर्षी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा स्थापन झाली. पैसा भावनगरच्या महाराजांनी दिला, सरकारनेही घातला. वेधशाळेमागचा माणूस होता कावसजी दादाभाई नायगमवाला. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यात बनलेली वीस इंची परावर्तक दुर्बीण पुण्यात बसली. त्या काळात भारतातली ती सर्वांत मोठी. नायगमवालांना नुसतं तारे पाहायचे नव्हते, त्यांना वर्णपट घ्यायचे होते. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून किंवा सूक्ष्म रेघा ओढलेल्या काचेतून गेला की त्याचे रंग सुटे होतात. त्या पट्ट्यावरच्या काळ्या आणि तेजस्वी रेषांतून ताऱ्यात कोणती मूलद्रव्यं आहेत, ती किती तापली आहेत आणि किती वेगाने हलताहेत, हे वाचता येतं. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या वर्णपटावर त्यांनी पुण्यातून काम केलं. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला ते आपली उपकरणं घेऊन सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुक्यातल्या जेऊरला गेले. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचं पथकही त्याच गावी तळ ठोकून होतं. जगातल्या अव्वल वेधशाळेच्या शेजारी पुण्याचा प्राध्यापक आपला वर्णपटमापी लावून उभा होता, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत असायला हवी होती.

त्याच्याही तीस वर्षं आधी, १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाला, पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात विल्यम हर्शेल यांचा नातू जॉन हर्शेल वर्णपटमापी घेऊन आला होता. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटात त्याला तेजस्वी रेषा दिसल्या, म्हणजे त्या ज्वाळा वायूच्या आहेत हे ठरलं. मराठी मुलखात वर्णपटशास्त्राची पावलं इतकी जुनी आहेत. नायगमवाला निवृत्त झाले आणि १९१२ साली पुण्याची वेधशाळा बंद झाली, दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्याच्या आसमंतात त्या तोडीची नवी प्रकाशीय दुर्बीण यायला गिरवलीपर्यंत, म्हणजे नव्वदहून अधिक वर्षं वाट पाहावी लागली.

वुल्फ-रायेट ताऱ्यांचा शोधही वर्णपटातूनच लागला. १८६७ साली पॅरिस वेधशाळेत चार्ल्स वुल्फ आणि जॉर्ज रायेट हंस तारकासमूहातले तारे एकेक करून तपासत होते. बहुतेक ताऱ्यांच्या रंगपट्ट्यावर काळ्या रेषा असतात. तीन तारे वेगळे निघाले. त्यांच्या पट्ट्यावर रुंद, तेजस्वी पट्टे होते, जणू ताऱ्याभोवतीचा वायूच उजळून निघाला आहे. तेव्हा कुणाला अर्थ लागला नाही. पुढे कळलं, की ती वाऱ्याची खूण आहे. आपल्याकडे येणारा वायू रेषेला निळ्या बाजूला ओढतो, दूर जाणारा तांबड्या बाजूला, म्हणून रेषा फुगते. त्या मूळ तीन ताऱ्यांपैकी एक, आज डब्ल्यूआर १३७ म्हणून ओळखला जाणारा, स्वतः धूळ करणारा जोडतारा निघाला. त्याची फेरी तेरा वर्षांची आहे.

*

आता हौशी मंडळींकडे येऊ.

व्यावसायिक दुर्बिणीवर वेळ मिळणं अवघड असतं. आधी प्रस्ताव लिहायचा, तो समितीपुढे जायचा, मग दोन-चार रात्री मिळणार. गिरवलीतही देशभरच्या विद्यापीठांतले संशोधक असेच रांगेत असतात. डब्ल्यूआर १४० सारख्या जोडीला मात्र सलग तीन-चार महिने, शक्यतो रोज, पाहावं लागतं. इतक्या रात्री कोणतीही समिती एका ताऱ्याला देणार नाही. ज्यांची दुर्बीण स्वतःची आहे आणि रात्रही स्वतःची, ते हे करू शकतात.

जानेवारी २००९ च्या भेटीला हेच झालं. कॅनरी बेटांपैकी टेनेरिफवरच्या टेइडे वेधशाळेत अर्ध्या मीटरची एक दुर्बीण होती. युरोपातल्या हौशी अभ्यासकांनी आळीपाळीने तिथे जाऊन काही महिने ती चालवली. बाकीचे आपापल्या अंगणातून वर्णपट घेत होते. २०११ साली निघालेल्या शोधनिबंधात व्यावसायिकांच्या बरोबरीने त्यांची नावं लेखक म्हणून आली. त्यांनी मोजलं काय? दुहेरी आयनीभूत कार्बनची ५६९.६ नॅनोमीटरची पिवळी रेषा. तारे जवळ आले की या रुंद रेषेच्या माथ्यावर एक जादा उंचवटा उगवतो. तो टक्करीच्या शंकूतून येतो. शंकू फिरतो तसा उंचवटाही रेषेवर निळ्या बाजूकडून तांबड्या बाजूकडे सरकतो. त्याचं सरकणं मोजलं की शंकूचा कोन, कक्षेचा कल आणि दोन वाऱ्यांपैकी कुणाचा जोर किती, हे काढता येतं. डिसेंबर २०१६ च्या भेटीला पुन्हा मोहीम झाली, एकशेसाठ नवे वेग मोजले गेले, आणि मी वर दिलेली वस्तुमानं त्या मोहिमेतून पक्की झाली. यानंतरची भेट नोव्हेंबर २०२४ मध्ये होऊन गेली.

हे काम किती आवाक्यातलं आहे, हे मुद्दाम सांगतो. वुल्फ-रायेट ताऱ्याची रेषा मुळातच रुंद असते. डब्ल्यूआर १४० ची पिवळी रेषा वाऱ्याच्या वेगामुळे सुमारे दहा नॅनोमीटर पसरते. इतकी रुंद रेषा पकडायला अतिसूक्ष्म उपकरण लागत नाही. मिलिमीटरला शंभर रेघांचं छोटं ग्रेटिंग मिळतं, सव्वा इंची फिल्टरसारखं कॅमेऱ्याच्या नळीत आट्याने बसतं. मध्यम मोबाइलच्या किमतीत येतं. आठ इंची दुर्बिणीला ते लावून फोटो काढला, की ताऱ्याचा ठिपका आणि शेजारी त्याचा रंगपट्टा एकाच चित्रात येतो. त्या पट्ट्यावर तरंगलांबीचे आकडे बसवण्यासाठी ओळखीचा तारा लागतो. हिवाळ्यात व्याध, पावसाळा सरल्यावर अभिजित. दोघांच्याही वर्णपटात हायड्रोजनच्या काळ्या रेषा ठसठशीत आहेत. हा झाला पहिला टप्पा, ताऱ्यांची ओळख पटवण्याचा. सरकणारा उंचवटा नेमका मोजायचा तर पुढची पायरी लागते : फटीतून प्रकाश घेणारा वर्णपटमापी, निऑन-आर्गॉनचा दिवा, तासभर न डगमगता ताऱ्यामागे फिरणारं माउंट. फ्रान्समध्ये असे वर्णपटमापी हौशींसाठीच बनतात. ख्रिस्तियन ब्युइ यांनी तर थ्रीडी प्रिंटरवर छापून घरी जुळवता येईल अशी रचना सर्वांसाठी खुली केली आहे.

आपल्याकडे बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घेतलेल्या प्रत्येकाने प्रयोगशाळेत ग्रेटिंग आणि सोडियमचा दिवा हाताळलेला असतो. पिवळ्या दोन रेषा मोजून जर्नल भरायचं, सही घ्यायची, परीक्षा द्यायची. जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगावच्या कॉलेजांतली मुलं हा प्रयोग करतातच. तेच ग्रेटिंग ताऱ्याकडे वळवायचं आहे.

*

इथल्या मुलांना एक फायदा आहे, जो टेनेरिफच्या मंडळींना पुरता नव्हता आणि जर्मनी-फ्रान्सवाल्यांना मुळीच नाही. जुन्नरचा अक्षांश १९ अंश उत्तर. इथून उत्तरेचा हंस उंच दिसतो आणि दक्षिणेची नौकाही दिसते. त्या नौकेच्या शिडावरचा गॅमा व्हेलोरम हा आकाशातला सर्वांत तेजस्वी वुल्फ-रायेट तारा. नुसत्या डोळ्यांनी दिसतो, अगदी ठळक. हाही जोडतारा आहे आणि त्याच्याही वाऱ्यांची टक्कर चालू आहे. डब्ल्यूआर १४० सारखी धुळीची कवचं मात्र त्याच्याभोवती नाहीत. पॅरिसहून तो क्षितिजाच्या वर येतच नाही. जुन्नरहून तो २४ अंश उंच चढतो. अगस्त्य ओळखीचा असेल तर त्याच्या डावीकडे, थोडा वर.

या ताऱ्याशी भारताचं नातं जुनं आहे. कोडाईकनालला गणेश आणि वेणू बाप्पू यांनी त्याचे वर्णपट घेऊन त्याची कक्षा काढली आणि १९६७ साली प्रसिद्ध केली : फेरी साडेअठ्ठ्याहत्तर दिवसांची. बाप्पू पुढे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाचे अध्यक्ष झाले. वुल्फ-रायेट तारे हा त्यांच्या आयुष्यभराच्या जिव्हाळ्याचा विषय होता.

दरवर्षी २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिनी खोडदला प्रदर्शन भरतं. आसपासच्या शाळा-कॉलेजांतली मुलं आपापले प्रयोग मांडतात, बसगाड्या भरून लोक डिश पाहायला येतात. हा दिवस सी. व्ही. रामन यांच्या शोधाचा. रामन यांनी १९२८ साली जे पाहिलं तेही वर्णपटातच पाहिलं होतं. आणि बरोबर त्याच रात्री दहाच्या सुमारास गॅमा व्हेलोरम नेमका दक्षिणेला, आपल्या सर्वोच्च उंचीवर असतो. दिवसभर प्रदर्शन पाहून थकलेल्या मुलांनी रात्री गच्चीवर एक कॅमेरा, एक ग्रेटिंग लावलं, तर कार्बनचे ते तेजस्वी पट्टे त्यांना स्क्रीनवर दिसतील : निळ्यात ४६५ नॅनोमीटरच्या आसपास, पिवळ्यात ५७० आणि ५८० जवळ. शेजारी व्याधाचा पट्टा ठेवला की फरक समजावून सांगावा लागणार नाही.

पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते आहे, मुंबईचं खगोल मंडळ १९८५ पासून. आयुकाने दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा घेतल्या, आरसे घासायला शिकवलं. हौशी निरीक्षणाची परंपरा आपल्याकडे भक्कम आहे. पण ती बरीचशी दाखवण्याची परंपरा आहे : शनीची कडी, चंद्रावरचे खड्डे, उल्कावर्षाव. दाखवण्याला मी कमी लेखत नाही, त्यातूनच माणसं या वाटेला लागतात. तरी दाखवण्यापासून मोजण्यापर्यंतची पायरी आपण फार थोड्यांनी चढली आहे. अमेरिकेतल्या एएव्हीएसओ या संस्थेत १९११ पासून हौशी लोक बदलत्या ताऱ्यांचे आकडे जमा करतात आणि शास्त्रज्ञ ते वापरतात. आता ही संस्था वर्णपटही स्वीकारते.

*

डब्ल्यूआर १४० चं वेळापत्रक पक्कं आहे. मागची भेट २२ नोव्हेंबर २०२४ च्या सुमारास झाली. त्यात २,८९५ दिवस मिळवले की २६ ऑक्टोबर २०३२ ही तारीख येते. दसरा होऊन गेलेला असेल, लक्ष्मीपूजनाला आठवडा उरलेला असेल. पंचांग आपल्या बाजूने आहे. कोजागरी मागे पडलेली, त्यामुळे संध्याकाळी चंद्राचा उजेड नाही. परतीचा पाऊस आटोपला असेल तर आकाश धुतलेलं. आणि तारा? तिन्हीसांजेला तो क्षितिजापासून ६५ अंश उंच असेल, अंधार पडताच हाताशी. मध्यरात्र उलटून गेल्यावरच तो मावळेल. म्हणजे रोज किमान चार तास काम करता येईल. २००९ ची भेट जानेवारीत पडली होती, तेव्हा हंस संध्याकाळी पश्चिमेला कललेला आणि पहाटे नुकताच उगवलेला, फार खालीच सापडे. २०३२ ची वेळ त्या मानाने कितीतरी चांगली आहे. शिवाय युरोपात संध्याकाळ होण्याआधी आपल्याकडे ती झालेली असते. टक्करीचा उंचवटा भेटीच्या दिवसांत झपाट्याने सरकतो, त्या वेळी मोजणीत पडणारी काही तासांची फट जुन्नरच्या रेखांशावरूनच भरता येईल.

अडचणी आहेत. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आकाश जवळपास बंद, म्हणून भेटीच्या आधीचे महिने हाताला लागणार नाहीत. ते कोरड्या देशांतल्या लोकांनी सांभाळायचे. पुणे–नाशिक महामार्गाच्या कडेचा उजेड दर वर्षी वाढतो आहे. नारायणगावच्या गच्चीपेक्षा माळशेजच्या किंवा आहुप्याच्या बाजूचा माळ बरा. आणि बिबट्या. या भागात रात्री उसाच्या बांधावर एकट्याने उभं राहणं हा धाडसाचा नाही, बेजबाबदारीचा प्रकार आहे. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रापर्यंत जी जनावरं पोचतात, ती याच शेतांतून आलेली असतात. शाळेचं किंवा कॉलेजचं कुंपणाचं आवार, तिथे छोटं सरकतं छप्पर, आत दुर्बीण आणि बाजूच्या खोलीत संगणक, अशी सोय हवी. दुर्बीण एकदा ताऱ्यावर लागली की बाकीचं काम खोलीत बसून होतं.

खोडदच्या दुर्बिणीचाही या कामाशी थेट संबंध आहे. वाऱ्यांच्या टक्करीत धूळच होते असं नाही. तिथे इलेक्ट्रॉनही प्रकाशाच्या जवळपास वेगाने पळवले जातात आणि ते रेडिओ लहरी सोडतात. हंसाच्या प्रदेशाचं ३२५ आणि ६१० मेगाहर्ट्झवरचं सखोल सर्वेक्षण जीएमआरटीने केलं, त्याची यादी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. अपेप नावाची एक जोडी २०१८ साली जगापुढे आली. तिच्याभोवती धुळीचा मोठा नागमोडी सर्पिल दिसतो, म्हणून इजिप्तच्या पुराणातल्या सर्पाचं नाव तिला मिळालं. तिच्या रेडिओ वर्णपटावर २०२२ मध्ये जो अभ्यास आला, त्यात उन्नत जीएमआरटीची निरीक्षणं वापरलेली आहेत. टक्करीचा रेडिओ भाग खोडदच्या डिश ऐकतात. प्रकाशीय भाग त्याच तालुक्यातल्या कॉलेजच्या आवारातून मोजला गेला, तर दोन्ही आकडे एका तक्त्यावर मांडता येतील. त्यासाठी संस्थांनी थोडं पुढे यावं लागेल. गिरवलीच्या अभियंत्यांनी वर्षातून एक दिवस शिक्षकांना वर्णपट कसा साफ करायचा हे शिकवलं, खोडदच्या प्रदर्शनात एक दालन फक्त वर्णपटांसाठी राखलं, तर सुरुवातीला तेवढं पुरेल.

२०३२ ला बी.एस्सी.च्या वर्गात बसणारी मुलं आज सातवी-आठवीत आहेत. त्यांच्या शिक्षकांना माझी विनंती आहे, की वाट पाहू नका. येत्या २८ फेब्रुवारीला रात्री दहा वाजता दक्षिणेकडे गॅमा व्हेलोरमचा एक वर्णपट घ्या. शेजारी व्याधाचा घ्या. तारीख, वेळ, उपकरण आणि निरीक्षकाचं नाव लिहून ठेवा. पुढच्या वर्षी पुन्हा घ्या. कॉलेजांनी येत्या दोन-तीन वर्षांत फटीच्या वर्णपटमापीची तरतूद करावी, कारण तो हातात बसायला आणि त्याच्या चुका कळायला तितका काळ लागतोच. ज्यांच्याकडे दुर्बीण पडून आहे त्यांनी ती जवळच्या शाळेला द्यावी. डब्ल्यूआर १४० ची पुढची भेट २६ ऑक्टोबर २०३२ च्या आसपास आहे, आणि त्यानंतरची थेट २०४० मध्ये.